काचेतल्या बाळाचा श्वास: ३० आठवड्यांच्या मुलीच्या वडिलांना उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी ३० आठवड्यांना झाली, वजन १२८० ग्रॅम, आज पाचवा दिवस. नाकात नळ्या आहेत, शेजारी पाण्याच्या बाटलीत सतत बुडबुडे येतायत. पहिल्याच दिवशी श्वासनलिकेतून एक महागडं औषध दिलं. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कच्ची आहेत. ताई अजून खालच्या वॉर्डात, सिझरचे टाके ओले, मुलीला त्यांनी फक्त तुमच्या फोनमधल्या फोटोत पाहिलंय. तुमच्या आई म्हणतात, 'सातव्यात झाली असती तर जगली असती, आठवा लागला म्हणून घोर आहे.' आणि तुम्ही विचारलंय की ही ऑक्सिजनवरून कधी निघेल, तिला त्याची सवय लागेल का, जन्मभर दमा राहील का, आणि घरी नेल्यावर आपण काय करायचं.

मी नवजात अतिदक्षता विभागात २४ वर्षं परिचारिका आहे, त्यातली शेवटची ९ वर्षं इन्चार्ज. तुमच्या मुलीला मी पाहिलेलं नाही, तिचा एक्सरे माझ्यासमोर नाही, त्यामुळे तिच्या औषधाबद्दल शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचाच. पण अशी शेकडो बाळं या हातांतून घरी गेली आहेत आणि त्यांच्या आईबापांनी हेच प्रश्न विचारले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या आईंचं. 'सातवं जगतं, आठवं जगत नाही' हे मी कोकणातल्या आजींकडून ऐकलंय, मराठवाड्यातल्या आजींकडून ऐकलंय, शिकल्यासवरल्या घरातही ऐकलंय. ते खरं नाही. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक आठवडा फुफ्फुसाच्या जमेला जातो. ३२ आठवड्यांचं बाळ २८ च्या बाळापेक्षा आणि ३४ चं बाळ ३२ च्या बाळापेक्षा नेहमीच जास्त सुरक्षित. मग समज आला कुठून? मला वाटतं, सातव्या महिन्यातलं जगलेलं बाळ घराण्यात गोष्ट म्हणून राहतं, आणि न जगलेल्यांचं नाव कुणी काढत नाही. आईंना माझा निरोप सांगा की मुलीने आठव्यात पाऊल टाकलं तेवढं तिचं बळ वाढलं.

पण त्यांची भीती अगदी हवेतली नाही, हेही खरं. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेचौतीस आठवड्यांना जन्मला. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा कितीतरी दणकट. देशातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, तरी ते बाळ ३९ तासांत गेलं. कारण तेच, कच्च्या फुफ्फुसांचा आजार, जो आज तुमच्या मुलीच्या केसपेपरवर लिहिला असेल. त्या काळी बाळाला ऑक्सिजन देऊन वाट पाहण्यापलीकडे डॉक्टरांच्या हातात फारसं काही नव्हतं. आज साडेचौतीस आठवड्यांचं, दोन किलोचं बाळ आमच्याकडे आलं तर आम्ही लक्ष ठेवतो, पण छातीत धस्स होत नाही. मधल्या साठ वर्षांत नेमकं काय बदललं, ते कळलं की तुमच्या मुलीभोवती चाललंय काय, तेही कळेल.

'कच्ची' म्हणजे काय? भाजीवाल्याकडची पातळ प्लास्टिकची पिशवी आतून ओली असली तर तिचं तोंड उघडता उघडत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना चिकटून बसतात, बोटांनी चोळावं तेव्हा कुठे हवा आत शिरते. फुफ्फुसात हवेचे बारीक फुगे असतात आणि ते आतून ओलेच असतात. पाण्याचा तो चिकटपणा मोडायला फुफ्फुस स्वतःच एक साबणासारखा पदार्थ बनवतं. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. तो २४ व्या आठवड्याच्या आसपास थोडाथोडा बनायला लागतो आणि ३४-३५ आठवड्यांना पुरेसा होतो. तुमच्या मुलीकडे तो होता, पण थोडा. म्हणून प्रत्येक श्वास सोडताना तिचे फुगे मिटून जात होते आणि प्रत्येक श्वास तिला नव्याने, सगळी ताकद लावून उघडावा लागत होता. आपला श्वास कसा, दार अर्धवट उघडंच असतं, थोडं ढकललं की झालं. तिचं दार दर वेळी कुलूपबंद.

१९५९ मध्ये अमेरिकेतल्या मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी हे दाखवून दिलं. या आजाराने गेलेल्या बाळांच्या फुफ्फुसांत तो पदार्थच कमी होता. त्याआधी आजाराला नाव होतं, पण दोष नेमका कशात आहे ते समजत नव्हतं. मला या शोधाबद्दल नेहमी कृतज्ञता वाटते, कारण त्यातून पालकांना सांगण्याजोगी एक गोष्ट मिळाली: या फुफ्फुसाला रोग झालेला नाही, त्याचं काम अर्ध्यात राहिलंय. उरलेलं ते बाहेर पूर्ण करणार आहे. आपण फक्त तोवर त्याला सांभाळायचं, आणि सांभाळण्याच्या नादात इजा करायची नाही. आमच्या विभागात जे जे चालतं ते या एका वाक्यात बसतं, आणि त्यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे.

डिलिव्हरीआधी ताईंना दंडात की कमरेत दोन इंजेक्शनं दिली आणि तिसऱ्याआधीच सिझर झालं, असं तुम्ही लिहिलंय. ते डेक्सामेथासोन असणार, १२-१२ तासांनी चार डोस असतात. हे औषध आईला दिलं तरी असतं बाळासाठी. बाळाची फुफ्फुसं लवकर पिकावीत म्हणून. याची सुरुवात न्यूझीलंडमध्ये मेंढ्यांवरच्या प्रयोगात झाली. ग्रॅहॅम लिगिन्स यांना दिसलं की हे औषध दिलेली, जगायला नको होती इतकी लवकर जन्मलेली कोकरं श्वास घेतायत. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये माणसांवरचे निष्कर्ष मांडले. आपल्याकडे २०१४ पासून एएनएम ताईंनाही (गावच्या उपकेंद्रातल्या नर्स), बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवण्याआधी पहिला डोस देण्याची परवानगी आहे, आणि माझ्या मते आपल्या ग्रामीण भागात बाळाच्या फुफ्फुसासाठी केलेली याहून स्वस्त आणि याहून मोलाची गोष्ट दुसरी नाही. चारपैकी दोनच डोस मिळाले म्हणून हळहळू नका. अर्धवट कोर्सचाही उपयोग होतो. तुमची मुलगी पाचव्या दिवशी व्हेंटिलेटरवर न जाता नाकातल्या नळ्यांवर आहे, त्यात त्या दोन इंजेक्शनांचाही वाटा असणार.

मग ते महागडं औषध. तो सर्फॅक्टंटच, गाईच्या किंवा डुकराच्या फुफ्फुसातून काढलेला. काही घरांत हे ऐकून चुळबुळ होते, म्हणून आम्ही विचारलं की सरळ सांगतो, लपवत नाही. जपानमध्ये फुजिवारा यांनी १९८० साली गाईच्या फुफ्फुसापासून बनवलेलं औषध १० बाळांना दिलं आणि तिथून सगळं पालटलं. कुपी फ्रिजमध्ये असते. बाहेर काढून मुठीत धरून कोमट करायची, पण खळखळ हलवायची नाही, फेस होतो. दुधासारखं पांढरं पातळ दिसतं. तुमच्या मुलीच्या वजनाला जेमतेम चहाचा एक चमचा लागलं असेल. बाळ स्वतः श्वास घेत असताना अगदी बारीक नळीतून ते श्वासनलिकेत सोडतात. मी आजही ते देताना मॉनिटरकडे बघत उभी राहते. ६० टक्के ऑक्सिजन लागणारं बाळ काही वेळा अर्ध्या तासात ३० टक्क्यांवर येतं. छातीचे खड्डे भरून येतात. दर वेळी होतंच असं नाही, कधी दुसरा डोसही लागतो.

आता बाटली. दादा, तुम्ही लिहिलंय की त्या बुडबुड्यांच्या आवाजाने तुम्हाला झोप लागत नाही. आम्हाला तो आवाज बंद झाला तर झोप लागत नाही. याला बबल सीपॅप म्हणतात. यंत्र बाळाच्या वतीने श्वास घेत नाही. श्वास तीच घेते. यंत्र फक्त तिच्या नाकातून थोडा दाब सतत ठेवतं, म्हणजे श्वास सोडला तरी फुगे पूर्ण मिटत नाहीत. नळीचं दुसरं टोक पाण्यात ५ सेंटिमीटर बुडवलं की दाब ५, सहा बुडवलं की ६. इतकं साधं. बाळं कण्हतात ते तुम्ही पहिल्या दिवशी ऐकलं असेल, दर श्वासाला 'अंह, अंह'. ते दुखण्याचं कण्हणं नसतं. बाळ घसा अर्धवट मिटून छातीतली हवा धरून ठेवत असतं, म्हणजे स्वतःच स्वतःला सीपॅप देत असतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाची हीच युक्ती यंत्राने करून दाखवली. १९७१ साली त्यांनी अतिशय गंभीर अशा २० बाळांचे अनुभव छापले, त्यातली १६ जगली.

बुडबुडे थांबले तर बहुतेक वेळा कुठेतरी हवा गळतेय. बाळाचं तोंड उघडं राहिलं, नाकातली नळी सरकली, कुठे जोड सैल झाला. घाबरून बाळाला हात लावू नका, सिस्टरला हाक मारा. आणि तुम्ही एक गोष्ट मुद्दाम बघा: दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा. सीपॅपवरच्या बाळाची नर्सिंग चांगली चाललीय की नाही हे मी त्या पडद्यावरून सांगते. नळ्या तिथे घट्ट टेकल्या की तो लाल होतो, मग त्याला चीर पडते, आणि हे सगळं दोन दिवसांत होऊ शकतं. नळी आणि पडदा यांच्यात किंचित फट दिसली पाहिजे. लाली दिसली तर नम्रपणे पण स्पष्ट सांगा. एवढ्या बाळांमध्ये हात कमी पडतात, आईबापाच्या नजरेची मदतच होते. तिचं पोट फुगलेलं दिसेल, ते बऱ्याचदा नाकातून गेलेल्या हवेमुळे. तोंडातून पोटात घातलेली नळी ती हवा काढायलाही असते. मात्र पोट टणक झालं, हिरवी उलटी झाली, शी रक्ताची झाली तर ती वेगळी गोष्ट, लगेच सांगायची.

हे मुद्दाम लिहिते, कारण मेळघाटासारख्या भागात पोट फुगलं, श्वास लागला की लहानग्या बाळाच्या पोटावर गरम विळ्याचे चटके देण्याची प्रथा अजून पुरती गेलेली नाही. भाजलेलं पोट घेऊन आलेलं बाळ मी एकदा पाहिलंय. तुमच्या घरात असं कुणी सुचवणार नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील.

ऑक्सिजनबद्दल जरा थांबून सांगते, कारण तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे, आणि माझ्याही मनात सगळ्यात खोल तीच आहे.

तुम्ही म्हणता, मॉनिटरवर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९२ दिसतो, १०० का करत नाहीत, बिल तर पूर्ण घेतायत. दादा, ९२ हेच हवंय. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाला ऑक्सिजन देत असताना आम्ही आकडा ९० ते ९५ मध्ये धरतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या ३० आठवड्यांना पूर्ण पसरलेल्या नसतात. जादा ऑक्सिजन मिळाला की त्यांची वाढ खुंटते, आणि नंतर त्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढतात, तो सुटू शकतो. १९४० आणि ५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत, प्रेमाने आणि सढळ हाताने दिलेल्या ऑक्सिजनमुळे सुमारे १० हजार बाळं अंध झाली. मग घाबरून ऑक्सिजन फार आखडता घेतला, तर बाळं दगावू लागली. म्हणून ही अरुंद वाट.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका लहान खासगी रुग्णालयात होते. २९ आठवड्यांचा एक मुलगा होता. हवा आणि ऑक्सिजन मिसळणारं यंत्र तिथे नव्हतं. सिलिंडरचा शुद्ध ऑक्सिजन प्लास्टिकच्या टोपाखाली सोडलेला. मुलगा गुलाबी दिसायचा, आकडा ९९-१००, आणि आम्ही सगळ्या खूश. सहा आठवड्यांनी घरी गेला, पेढे आले. डोळे तपासायला कुणी सांगितलं नाही, मीही नाही. आठ महिन्यांनी त्याची आई आली आणि म्हणाली, 'सिस्टर, हा माझ्याकडे बघत नाही हो.' त्यानंतर आजवर माझ्या हातून एकही बाळ डोळ्यांच्या तपासणीची तारीख केसपेपरवर लिहिल्याशिवाय घरी गेलेलं नाही.

म्हणून ही गोष्ट तुम्ही लिहूनच ठेवा. आपल्या देशात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे, डोळ्यांच्या पडद्याच्या तज्ज्ञाने तपासायचे असतात. तुमच्या मुलीसाठी पहिली तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत. बाळ घरी गेलं असो की काचेत असो, तारीख चुकवायची नाही. वेळेत सापडलं तर लेझर किंवा इंजेक्शनने नजर वाचते. बाळाचे डोळे बाहेरून छान काळेभोर दिसतात, त्यावरून काही कळत नाही.

'ऑक्सिजनची सवय' ही अशी काही गोष्ट नसते. फुफ्फुस तयार झालं की ते स्वतः हवेवर येतं. आपल्या श्वासातल्या हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतोच. मुलीच्या यंत्रावर किती टक्के लावलाय ते विचारा. २५ असेल तर ती जवळजवळ आपल्याच हवेवर आहे आणि तिला आधार हवाय तो फक्त दाबाचा. मॉनिटरचा आकडा सारखा बघत बसू नका. ती हलली, रडली, पायाला बांधलेली पट्टी सैल झाली की तो ८६ होतो आणि पुन्हा वर येतो. मुलीचा रंग बघा, छातीत खड्डे पडतायत का ते बघा.

कधी निघेल? ३० आठवड्यांची बहुतेक बाळं ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास (पोटातले आठवडे धरून) सीपॅपवरून उतरतात. काही आधी, काही नंतर. एकदा काढून पुन्हा लावावं लागलं तर त्याला मागे जाणं समजू नका, तिने अजून थोडा वेळ मागितलाय इतकंच. व्हेंटिलेटर लागलाच तर 'आता संपलं' असंही नसतं; चार दिवस व्हेंटिलेटरवर राहून आज शाळेत जाणारी मुलं मला दिवाळीला भेटायला येतात.

एक मात्र तुम्हाला नक्की दिसणार आणि तुमचं काळीज थांबणार. ती मध्येच श्वास घ्यायची थांबेल. आम्ही म्हणतो, 'बाळ श्वास विसरलं.' मेंदूतलं श्वासाचं केंद्रही कच्चं असतं ना. पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा भराभर श्वास घेणं हे या वयात चालतं. २० सेकंद थांबली, किंवा थांबताना हृदयाचे ठोके पडले, रंग काळानिळा झाला, तर तो अपनिया. तळपायाला हलकी टिचकी दिली की बहुतेकदा आठवतो श्वास. यासाठी तिला कॅफिन चालू असेल. हो, कॉफीतलंच. २००६ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात दिसलं की कॅफिन मिळालेल्या लहान बाळांना पुढे फुफ्फुसाचा चिवट आजारही कमी झाला. (घरी कुणी चमच्याने कॉफी पाजायचा विचार करू नये; हा डोस वजनावर मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो.) हे विसरणं साधारण ३४ आठवड्यांनंतर कमी होतं, आणि काही दिवस एकदाही विसरली नाही की मगच घरी सोडतात.

फुफ्फुसाचा तो चिवट आजार म्हणजे बीपीडी. १९६७ मध्ये नॉर्थवे यांनी व्हेंटिलेटरवर राहिलेल्या बाळांच्या एक्सरेंत तो प्रथम ओळखला. यंत्राचा दाब, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग यांनी नाजूक फुफ्फुसाला चट्टे पडतात आणि बाळ पोटातले धरून ३६ आठवड्यांचं झालं तरी त्याला ऑक्सिजन लागतो. २५-२६ आठवड्यांच्या बाळांत हा बराच दिसतो. तुमच्या मुलीच्या वयाला धोका त्याहून कमी. झालाच तरी वाट बंद नसते. घरी ऑक्सिजनवर काही महिने राहून सुटलेली बाळं आमच्याकडे आहेत.

दम्याबद्दल खरं ते सांगते. लवकर जन्मलेल्या मुलांची छाती पहिली दोन-तीन वर्षं सर्दीत लवकर घरघरते, काहींना रुग्णालयातही ठेवावं लागतं, आणि मोठेपणी दम्यासारखा त्रास होण्याची शक्यता पूर्ण दिवसांच्या मुलांपेक्षा जास्त असते. पण हवेचे फुगे जन्मानंतरही नव्याने बनत राहतात, पहिल्या दोन-तीन वर्षांत तर भराभर. म्हणजे आत्ता जी कमतरता आहे ती भरून काढायला तिच्याकडे वेळ आहे. ती त्या वेळात कोणत्या हवेत श्वास घेते, हे मात्र तुमच्या हातात आहे.

आणि इथे मी जरा कडक होते. आपल्याकडे बाळाला आंघोळ घातली की धुरी देतात. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, शेपा, कुठे लसणाची सालं, आणि बाळाला त्या धुरावर धरायचं. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, खोली बंद. हे मायेने करतात, मला ठाऊक आहे. माझ्या आईने मलाही दिली असेल. पण तुमच्या मुलीला नाही. एकदाही नाही. ऊब हवी असेल तर ती छातीशी धरून द्या. चुलीचा धूर, घरातली विडी-सिगारेट, अगरबत्ती, धूप, डासांची कॉइल, हे सगळं त्याच रांगेत. डासांना मच्छरदाणी. बाहेर जाऊन सिगारेट ओढणाऱ्याच्या शर्टाला ती चिकटून येते, म्हणून शर्ट बदलून, हात धुऊन बाळाला घ्या. आंघोळीनंतर नाकात तेलाचे थेंब घालू नका. ते पोटात जात नाही, फुफ्फुसात जातं आणि तिथे न्यूमोनिया करतं. वेखंडाची पूड, टाल्कम पावडर, डबा उघडला की उडणारं काहीही नको. घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, मग त्या तुमच्या आई असल्या तरी, मुलगी घरी यायच्या आधी थुंकी तपासून घ्या. क्षयाचे जंतू मायेच्या माणसाकडूनच येतात. बारसं घरातल्या घरात करा, शंभर पानांचं जेवण वर्षाच्या वाढदिवसाला ठेवा.

लसी जन्मतारखेप्रमाणे मोजायच्या, 'ती दोन महिने लवकर आली म्हणून लसही उशिरा' असं करायचं नाही. न्यूमोनियाची लस सरकारी कार्यक्रमात मोफत आहे. सहा महिन्यांनंतर फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा, आणि घरातल्या मोठ्यांनीही घ्या.

श्वास मोजायला दोघांनी शिकून घ्या. बाळ शांत असताना झबलं वर करून पोटाकडे बघा, कारण बाळं पोटाने श्वास घेतात. फोनवर पूर्ण एक मिनिट लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यांचा श्वास अनियमित असतो. ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, आकडे न येणाऱ्या दायांनाही मोजता यावं म्हणून मण्यांचा श्वासमापक तयार केला होता, आणि त्या दायांनी न्यूमोनिया ओळखून दाखवला. तुम्ही दोघे तर मोबाइलवर करू शकता. बरगड्यांखाली खड्डे पडणं, कण्हणं, ओठ-जीभ निळी होणं, दूध ओढायचं सोडणं, अंग गार पडणं, श्वास थांबणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे उपचार आणि ने-आण सरकारी रुग्णालयात मोफत आहेत. झोपवताना नेहमी उताणी.

आता ताईंबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात त्या सगळ्यात शेवटी आल्यात आणि मुलीच्या फुफ्फुसासाठी त्यांचं काम सगळ्यात आधी येतं. दूध. पहिल्या आठवड्यात येतं ते थेंब थेंब असलं तरी नळीतून पोटात गेलं पाहिजे. आईच्या दुधाने जंतुसंसर्ग कमी होतो, आणि प्रत्येक टळलेला संसर्ग म्हणजे फुफ्फुसावरचा एक टळलेला घाव. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही, हाताने काढायचं. येतच नसेल तर मातृदुग्ध पेढीची चौकशी करा. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली पेढी सुरू केली, आता इतर शहरांतही आहेत.

आणि कांगारू. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ साली काचेच्या पेट्या कमी पडल्या म्हणून डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या छातीशी बांधली. तो गरिबीचा उपाय समजला गेला. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास छापून आला: जन्मल्यापासून लगेच कांगारू सुरू केलं तेव्हा लहान बाळांचे मृत्यू चौथ्या हिश्श्याने कमी झाले. सीपॅप चालू असतानाही ते देता येतं, नळ्या धरून सिस्टर बाळाला छातीवर ठेवतात. बाळ उभं, बेडकासारखं, गाल एका बाजूला, मान किंचित वर, नाक मोकळं आणि दिसतं. मी कित्येकदा पाहिलंय, पंधरा-वीस मिनिटांत श्वास संथ होतो आणि ऑक्सिजन दोन टक्क्यांनी उतरवता येतो. ताई थकल्या की तुम्ही शर्ट काढून बसायचं. बापाची छाती तितकीच ऊबदार असते.

तेव्हा उद्या राउंडला डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ऑक्सिजन किती टक्के चालू आहे, डोळ्यांची तपासणी कोणत्या तारखेला, आणि कांगारू कधी सुरू करता येईल. ताईंना मात्र आज संध्याकाळीच वर न्या. टाके दुखत असतील तर वॉर्डातून व्हीलचेअर मागा, त्यासाठीच असते ती. पुढून उघडणारा गाऊन घालायला सांगा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, बांगड्या-अंगठ्या खाली काढून ठेवायच्या. काचेच्या खिडकीतून हात आत घालून मुलीच्या डोक्यावर एक तळवा आणि पायांवर दुसरा, नुसता ठेवायचा, चोळायचा नाही. इतक्या लहान बाळाला कुरवाळणं सोसत नाही, पण स्थिर ठेवलेला हात कळतो.

मुलगी सीपॅपवरून उतरली की कळवा.